थोडा कमी उजेड

फोनवर माणूस एवढंच सांगतो, "बत्तीसचा आहे. आवाज येतो, चित्र नाही. किती होतील?" चपलेचा नंबर सांगावा तसा तो बत्तीस सांगतो आणि त्याच्या लेखी विषय संपतो. मी त्याला टीव्हीच्या मागचा स्टिकर वाचायला सांगतो. टीव्ही भिंतीला टेकलेला, मागे हात जात नाही. मग पोराला खुर्चीवर चढवून मोबाइल फटीत सरकवला जातो आणि जो फोटो येतो त्यात स्टिकर सोडून बाकी सगळं असतं. कोळिष्टकं, सेट-टॉप बॉक्सची वायर, मागे पडलेली लग्नपत्रिका.

माझं दुकान नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकातून जरा आत. इथल्या घरांत ३२ इंची सेट सगळ्यात जास्त. हॉल लहान आणि शोकेसची चौकट त्याहून लहान, हे एक कारण. दुसरं कराचं. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या पुढे २८, असा मामला बरीच वर्षं होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या सेटवरचा करही १८ टक्क्यांवर आला आणि शोरूमवाल्यांनी ४३ आणि ५५ पुढे सरकवायला सुरुवात केली. ते सेट काही वर्षांनी माझ्याकडे येतील. आज बाकावर असतात ते बत्तीसवालेच.

बत्तीस हे ग्राहकाचं माप. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर, म्हणजे ८१ सेंटिमीटर. पण टीव्हीच्या आत तिरकं काही बसवलेलं नसतं. पडद्यामागच्या उजेडाच्या, म्हणजे एलईडी दिव्यांच्या, पट्ट्या आडव्या असतात, त्यामुळे मला रुंदी लागते. नेहमीच्या १६ः९ च्या पडद्यात ती २४ इंचीला ५३ सेंटिमीटर, ३२ ला ७१, ४३ ला ९५ आणि ५५ ला १२२ च्या आसपास. तेवढ्यानंही भागत नाही. पट्ट्या किती, एका पट्टीवर एलईडींवरची भिंगं किती, दोन भिंगांमध्ये अंतर किती, एलईडी तीन व्होल्टचा की सहा व्होल्टचा, कनेक्टर डावीकडे की उजवीकडे, पत्र्यात पट्टी अडकवायची भोकं कुठे. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन ३२ इंची सेट उघडले तर एकात तीन पट्ट्या निघतात आणि दुसऱ्यात दोन. कारखान्याला त्या खेपेला जे पॅनेल मिळालं ते त्यात बसलेलं असतं. बाहेरच्या डब्यावर याचा पत्ता नसतो. म्हणून सेट उघडून जुन्या पट्टीवर छापलेला नंबर वाचल्याशिवाय मी भाव सांगत नाही. लोकांना ती टाळाटाळ वाटते. ऑनलाइन "३२ इंचासाठी पट्टी" असं बघून स्वतः मागवून आणणारेही आहेत. त्यांना पट्टी देणाऱ्यानं फसवलेलं नसतं, बत्तीस या आकड्यानं फसवलेलं असतं.

"आवाज येतो, चित्र नाही" या वाक्यावर माझं घर चाललंय. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकलो तेव्हा टीव्ही म्हणजे डबा होता. पिक्चर ट्यूब स्वतःच उजेड करायची, पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास तिला लागायचे, आणि बिघाड शोधायचा म्हणजे सर्किटचा नकाशा उलगडून एकेक कपॅसिटर पकडत जायचं. डोक्याचं काम होतं. आताच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाहीच. पुढची काच म्हणजे लाखो बारीक झडपा. त्या उघडझाप करतात, रंग गाळतात आणि मागून येणारा पांढरा उजेड हवा तेवढा सोडतात. आधी हा मागचा उजेड पाऱ्याच्या बारीक ट्यूबा द्यायच्या, नंतर एलईडी आले. महागड्या ओएलईडीची गोष्ट निराळी, तिथे प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो. सिडकोत अजून माझ्याकडे तसे फारसे येत नाहीत.

बहुतेक साध्या सेटमध्ये सगळे एलईडी एकामागे एक, एकाच ओळीत जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की सगळी ओळ बंद. एलईडींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला करंट जाताना दिसत नाही, म्हणून ते व्होल्टेज वाढवत नेतं, मर्यादा ओलांडली की घाबरून स्वतःच बंद होतं. जोड अर्धवट तुटलेला असेल तर टीव्ही चालू केल्यावर क्षणभर चमकतो आणि मग काळा होतो. झडपा मात्र अंधारात इमानेइतबारे उघडझाप करत असतात. हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी ट्यूबलाइट घालवतो आणि बॅटरी पडद्यावर तिरकी धरतो. काळ्या काचेत बातम्या देणारी बाई पुसट दिसते, ओठ हलताना दिसतात. "अगं बाई, ही तर आहे की आत!" एक मावशी म्हणाल्या होत्या. माझ्या धंद्यातलं याहून नेमकं निदान मी ऐकलेलं नाही.

निदान सोपं. पट्ट्या बदलणंही कागदावर सोपं. मधली वाट अवघड.

बाकावर जाड गोधडी अंथरायची. सेट पालथा. मागचं झाकण, बोर्ड, स्पीकर निघाले की सेट सुलटा करून कडेची चौकट सोडवायची. आता समोर उरते ती काच, आणि काचेच्या कडेला चिकटलेल्या पातळ तपकिरी फिल्मच्या पट्ट्या. आम्ही त्यांना सीओएफ म्हणतो. त्या फिल्मवरच चिप बसवलेली असते आणि तिच्या तारा इतक्या बारीक, की एखादीला चिमूट बसली तरी पडद्यावर उभी रेघ कायमची. काच म्हणजे टीव्हीच्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा. ती गेली तर पट्टीचं काम करण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणून व्हॅक्यूमचे रबरी कप लावून काच उचलायची ती सगळीकडून सारखी, श्वास रोखून, आणि त्या वेळेला कुणी दुकानात "काका, रिमोटचे सेल आहेत का?" विचारत आलं तर मी उत्तर देत नाही. माझ्याकडे शिकणारा पोरगा फार हुशार आहे, मल्टिमीटर माझ्यापेक्षा वेगानं चालवतो. पण काच उचलायला त्याला मी बराच काळ हात लावू दिला नाही. आधी भंगारातल्या फुटक्या काचा उचलायला लावल्या. सगळं डोकं आयसीच्या, म्हणजे चिपच्या, आत गेलं आणि आमच्याकडे हात उरले, असं मला कधी कधी वाटतं. तक्रार नाही. हातांनाही अक्कल लागते.

काचेखाली शीट. पांढरट पातळ दोन-तीन, त्यात एक बारीक खाचांची प्रिझमची शीट, उजेड समोर ढकलणारी. त्याखाली जाड दुधी डिफ्यूझर, उजेड सारखा पसरवणारा. त्याखाली पांढरा परावर्तक कागद, भिंगांच्या जागी भोकं पाडलेला. शीटचा क्रम आणि बाजू चुकली तर चित्र येतं पण मरगळलेलं येतं. प्रत्येक शीटच्या कानावर मी पेन्सिलीनं खूण करतो.

या वेळी पंखा बंद. नाशिकचा मे महिना, वरती पत्रा आणि पंखा बंद. धुळीचा एक कण शीटच्या मध्ये गेला तर तो पडद्यावर ठिपका होऊन बसतो, आणि गिऱ्हाईक पूर्ण पडद्यातलं तेवढंच बघतं. पावसाळ्यात चिलटं. पंचवटीत गोदेच्या काठच्या घरांतले सेट उघडले की शीटच्या थरांत मेलेली चिलटं सापडतात, उजेड बघून फटीतून आत गेलेली. जानेवारीत वेगळाच ताप. निफाडकडून गार, कोरडं वारं सुटलं की शीट स्थिर विजेनं एकमेकींना चिकटतात, उचलायला जावं तर खालचीही वर येते आणि हवेतला प्रत्येक केस, प्रत्येक तंतू आपल्याकडे ओढून घेते. पोरगा तेव्हा स्वेटर काढून काम करतो, कुडकुडत. लोकर या कामाची वैरीण आहे. इगतपुरी-घोटीकडचे सेट आले तर बोर्डाच्या तांब्यावर हिरवट थर आणि स्क्रूंना गंज, तिथला पाऊस सेटच्या आत वाचता येतो.

द्राक्षपट्ट्यातल्या सेटची आणखी एक कथा. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडच्या घरांत द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाच्या पिशव्या बऱ्याचदा पुढच्या खोलीतच रचलेल्या असतात, टीव्हीच्या शेजारी. सेट उघडला की पत्र्यावर पिवळसर धूळ. बहुतेक एलईडीच्या वाटीला आतून चांदीचा मुलामा असतो, उजेड पुढे फेकण्यासाठी, आणि चांदी गंधकापुढे काळी पडते, हे आपल्या आयांना भांडी घासताना कळलेलं आहे. वाटी काळवंडली की एलईडी पेटतो पण उजेड आतच गिळतो. एका बागायतदार भाऊंना मी काळी वाटी भिंगातून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या टीव्हीला पण फवारा मारला म्हणा." पिशव्या मात्र त्यांनी त्या दिवसापासून शेडमध्ये हलवल्या.

आता मापांबद्दल. २४ इंची म्हणजे हातातलं काम, त्याला एकटा माणूस पुरतो. ३२ लाही पुरतो. ४३ पासून दोघं लागतात. ५५ असेल तर मी सेट दुकानात आणायलाच सांगत नाही. सिडकोतल्या जिन्यांतून तो वळत नाही, वळवताना काचेला पीळ पडतो. त्यांच्याच घरी पलंगावर गादी टाकून काम करावं लागतं आणि घरातली सगळी मंडळी दारात उभी राहून बघतात. ५५ ची लांबी ३२ च्या पावणेदोन पटही नसते. पण क्षेत्रफळ मोजलं तर जवळजवळ तिप्पट. तिप्पट भिंत उजळायची, तर एलईडीही तिप्पट हवेत असं कुणालाही वाटेल. कारखानदार तसं करत नाही. तो एलईडी कमी ठेवतो, प्रत्येकावर जास्त करंट लादतो आणि उजेड पसरवण्याचं काम भिंगावर सोपवतो. मोठ्या सेटमध्ये एका ओळीत डावी पट्टी वेगळी, उजवी वेगळी, मध्ये कनेक्टर. त्यांची अदलाबदल केली तर भिंगं मधोमध जुळत नाहीत आणि पडद्याच्या पोटात सावलीची उभी पट्टी उमटते.

भिंगांविषयी लोकांना काहीच माहीत नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. एक भिंग उजेड वाकवून बाजूला टाकतं, दुसऱ्या जातीचं भिंग वरच्या खळग्यातून उजेड आडवा परतवतं. एलईडीपासून डिफ्यूझरपर्यंत सेटच्या आत जेवढी पोकळी, तिच्यानुसार भिंग ठरतं. जाड सेटची पट्टी सडपातळ सेटमध्ये घातली तर प्रत्येक एलईडीचं पांढरं वर्तुळ पडद्यावर उठतं. पांढऱ्या पार्श्वभूमीची जाहिरात लागली की टीव्ही देवीचे व्रण असल्यासारखा दिसतो. लांबी बरोबर, व्होल्ट बरोबर, आकडा बरोबर, आणि तरी चूक. बाजारात "युनिव्हर्सल" म्हणून पट्ट्या येतात, खुणेवर कापून कुठल्याही मापाला लावा म्हणतात. एम. जी. रोडच्या बाजूला मिळतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरनंही येतात. मी त्या अडीनडीला वापरतो आणि गिऱ्हाइकाला सांगून वापरतो. भाव फक्त काही शे रुपयांनी कमी असतो. भिंगाची जात मात्र नशिबावर.

व्होल्टचा हिशेब मी पोराला पाटीवर शिकवतो. २४ एलईडी, तीन व्होल्टचे, तर ७२. सहा व्होल्टचे असतील तर १४४. पट्टी पेटवून बघायच्या टेस्टरवर आकडा आला की कुठली पट्टी ते कळतं. पण कमी व्होल्टची पट्टी लावून बघू, पेटली तर पेटली, हा विचार आला की थांबायचं. बऱ्याच सेटमधलं सर्किट आलेलं व्होल्टेज चढवू शकतं, उतरवू शकत नाही. बोर्डावर आधीच २४ व्होल्ट आहेत आणि तुम्ही तीन व्होल्टचे पाच-सहाच एलईडी लावले, तर सर्किटच्या हातात काही उरतच नाही. करंट थेट घुसतो आणि पट्टी एका दमात जाते. पोरानं विचारलं होतं, "जास्त व्होल्टची लावली तर?" तर ते धापा टाकतं, मर्यादेला जाऊन बंद पडतं. आणि हे व्होल्ट कमी समजून कुणी ओळीच्या दोन टोकांना बोटं लावू नयेत. शंभर-दीडशे व्होल्ट डीसी जिवावर बेतायला पुरेसे असतात.

एवढं सगळं जुळवलं, पट्ट्या बसल्या, आणि टीव्ही झगझगीत पेटला, की माझं आणि गिऱ्हाइकाचं भांडण सुरू होतं. मी तो झगझगाट राहू देत नाही.

पट्टी का जळते हे विचारायला हवं. पांढरा एलईडी आतून पांढरा नसतोच. तो निळा असतो. वर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो, निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. या निळ्या एलईडीपायी अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. उष्णतेनं तो पिवळा थर जळत जातो आणि पडदा निळा-जांभळा दिसू लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "सगळी माणसं आजारी दिसतात." उष्णतेनंच भिंगाचा गोंद सुटतो, भिंग घरंगळतं आणि पडद्यावर एक प्रखर पांढरा ठिपका उगवतो. उष्णतेनंच सोल्डरचा टाका तडकतो आणि ओळ तुटते. म्हणजे तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच. एलईडीला त्याच्या ताकदीच्या अगदी काठावर पळवलेलं असतं.

का पळवलेलं असतं? तर शोरूमसाठी. कॉलेज रोडच्या झगमगीत दुकानात, वर दिव्यांची रांग, शेजारी दहा टीव्ही, तिथे जो सगळ्यात प्रखर तो विकला जातो. नवा सेट पहिल्यांदा चालू केला की बऱ्याच कंपन्यांचा सेट विचारतो, घर की दुकान? जोडून द्यायला आलेला मुलगा घाईत असतो, काहीतरी दाबतो, आणि टीव्ही पुढची पाच वर्षं स्वतःला दुकानात समजतो. संध्याकाळी दहा बाय बाराच्या खोलीत, एक ट्यूबलाइट, आणि आजी सहा फुटांवर बसून मालिका बघतेय, तिच्या डोळ्यांवर शोरूमचा उजेड. रिमोटमध्ये "ब्राइटनेस" कमी केला तर बऱ्याच सेटमध्ये पट्टीचा उजेड कमी होतच नाही, नुसता काळा रंग आणखी काळा होतो. पट्टीचा ताबा "बॅकलाइट" नावाच्या वेगळ्या ओळीत असतो, मेनूच्या आत कुठेतरी, आणि तिथे शंभर लिहिलेलं असतं.

मी दोन गोष्टी करतो. ती ओळ साठच्या आसपास आणतो. ती कुणीतरी पुन्हा शंभर करणार हे माहीत असल्यामुळे दुसरी गोष्ट बोर्डावर करतो. ड्रायव्हर आयसीजवळ दोन, तीन किंवा चार बारीक रेझिस्टर शेजारी शेजारी, समांतर असतात. एलईडीतून किती करंट गेला ते आयसी त्यांच्यावरून मोजतं. चार सारखे असतील आणि त्यातला एक काढला, तर आयसीची समजूत होते की करंट पुरा झाला, आणि प्रत्यक्षात तीन चतुर्थांशच जात असतो. तीन असतील तर एक काढून दोन तृतीयांश. दोनच असतील तर हात आवरायचा, कारण एक काढला की निम्मा, तो फार झाला. तिथे एकाच्या जागी किंचित जास्त ओहमचा दुसरा लावतो. कमी करंटवर एलईडी गार राहतो आणि त्याच विजेत थोडा जास्तच उजेड देतो. डोळ्याला तर चौथाई घट चटकन कळतही नाही, दोन सेट शेजारी ठेवले तरच कळते.

पण गिऱ्हाइकाच्या आठवणीत दुसरा सेट असतो. "काका, आधी जास्त ब्राइट होता." आधी म्हणजे कधी? बिघडायच्या आदल्या दिवशी जुन्या पट्ट्यांनी बराच उजेड गमावलेला असतो. आठवणीतला टीव्ही शोरूममधला असतो. मी समजावतो, काही जण ऐकतात. एक भाऊ म्हणाले, "पैसे पूर्ण घेता आणि उजेड पाऊण देता, हा कुठला न्याय?" त्यांच्या प्रश्नात जोर होता, मला हसू आलं. मी त्यांना सांगितलं की पूर्ण उजेडाची पट्टी लवकर जळते आणि मग पैसे पुन्हा माझ्याच गल्ल्यात येतात, त्यामुळे पाऊण उजेडात तोटा माझा आहे. ते थोडं थांबले. मग म्हणाले, "तोटा सोसून कोण धंदा करतं?" आणि संशय वाढला.

उजेड बारकाईनं बघणारा एकच माणूस मला भेटला. नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काका, आयुष्यभर छापील कागद उजेडात धरून पाहिलेले. त्यांच्या ४३ इंचीतल्या चार पट्ट्यांपैकी एकच गेली होती. मी म्हणालो, चारही बदलू, नव्या-जुन्याचा रंग जुळत नाही. कारखान्यातसुद्धा पांढऱ्याच्या छटा पाहून एलईडीची प्रतवारी करतात, आणि जुन्यांचा पिवळा थर थोडा उडालेला असतोच. ते म्हणाले, एकच बदला, मला चालेल. बदलली. मला स्वतःला फरक जेमतेम दिसत होता. काकांनी क्रिकेटचं मैदान लावलं, खुर्ची मागे घेतली, चष्मा काढून पुन्हा घातला आणि म्हणाले, "खालून दुसरी. तिथलं गवत वेगळ्या बागेतलं आहे." बरोबर सांगितलं होतं. मग उरलेल्या तिन्ही बदलून घेतल्या, स्वतःहून, आणि मी करंट कमी केल्याचं सांगितलं तेव्हा मान डोलावून म्हणाले, "प्रेसमध्ये तपासायच्या टेबलावरही झगझगीत दिवा चालत नसे. जास्त उजेडात चूक लपते." हे वाक्य मी नंतर पुष्कळ गिऱ्हाइकांना ऐकवलं. चाललं नाही. बहुधा नोटा तपासलेल्या माणसालाच ते म्हणता येतं.

दुरुस्ती परवडते का, हाही प्रश्न रोजचा. ३२ ला बहुतेक वेळा परवडते, कारण पट्ट्या स्वस्त आणि काच धड. ५५ ला पट्ट्यांचा खर्च आणि दोन माणसांचा अर्धा दिवस, तरी नव्या सेटच्या मानानं कमीच. काच फुटली असेल तर मात्र मी पट्टीचं नाव काढत नाही. आपल्याकडच्या जोडणीच्या बहुतेक कारखान्यांत ती काच परदेशातूनच येते, ओपन सेल म्हणून, मागच्या उजेडाशिवाय नुसती. पत्रा, पट्ट्या, शीट इथं बसवतात. म्हणजे मी बाकावर करतो तेच काम मोठ्या शेडमध्ये, धूळ गाळलेल्या हवेत होतं. फुटक्या काचेच्या सेटमधून मी पट्ट्या, डिफ्यूझर आणि पत्रा ठेवून घेतो. माझ्या बाकावर टांगलेला दिवा असाच, एका ५५ इंचीचं पोट आहे. सावली पडत नाही त्याच्याखाली. करंट अर्थातच कमी केलेला.

काम झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवायची माझी सवय आहे. महिना, वर्ष, पट्टीचा नंबर, किती व्होल्टची, कुठला रेझिस्टर काढला. पुढचा कारागीर कोण असेल माहीत नाही, त्याची शोधाशोध वाचावी एवढाच हेतू. परवा एक ३२ इंची आला, तीच जुनी तक्रार, आवाज येतो, चित्र नाही. झाकण उघडलं तर माझंच अक्षर. "३ पट्ट्या नवीन, ३ व्होल्ट, आर ८१२ काढला." त्याच्या खाली निळ्या शाईत दुसऱ्या कुणाचं तरी ठसठशीत अक्षर, "आर ८१२ लावला. पार्टीला ब्राइट पाहिजे." कारागीर नीट होता, टाका स्वच्छ मारलेला, मूळ ओहमचाच रेझिस्टर लावलेला. पट्ट्या तिन्ही काळवंडलेल्या. पोरगा वाचून खो खो हसला. मी पट्ट्या बदलल्या, आर ८१२ पुन्हा काढला आणि त्याच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली. झाकणावर अजून बरीच जागा आहे.